मूर्तीसमोर बसलेले हात

रायपूरच्या पुरानी बस्तीत महामायेच्या मंदिरात गेलेला माणूस देवीसमोर उभा राहतो, हात जोडतो, प्रसाद घेतो आणि बाहेर पडतो. वस्त्रं, अलंकार आणि हारांच्या आड मूळ दगड कसा घडवलेला आहे, खांद्याचा उतार कुठे वळतो, याकडे कुणाचं लक्ष नसतं आणि ते असण्याची गरजही नसते. तिथे दर्शन घ्यायचं असतं. त्याच शहरात महंत घासीदास स्मारक संग्रहालयात सिरपूरसारख्या जुन्या स्थळांवरून आलेले देव वस्त्राविना, फुलांविना बसले आहेत. त्यांच्यासमोर एखादा विद्यार्थी मांडीवर ड्रॉइंग बोर्ड घेऊन बसतो, हात ताठ करून पेन्सिलीने मापं घेतो आणि तासाभरात कागदावर एक नाक, एक ओठ, अर्धा कान उतरवतो. त्याला आपण ‘स्टडी’ म्हणतो. अभ्यासासाठी केलेलं, फ्रेममध्ये न जाणारं, बहुधा गुंडाळीत राहून पिवळं पडणारं चित्र.

या साध्या कागदाला मोठी वंशावळ आहे. ती घारापुरी, वेरूळ, पुणे, मुंबई अशी फिरत छत्तीसगढपर्यंत येते. तिचा माग काढताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. मूर्तीवरून केलेलं अभ्यासचित्र ही एका माणसाने दिलेली साक्ष असते, आणि आपण साक्ष जपली तेव्हाही साक्षीदाराचं नाव फार सहज गळू दिलं.

आपल्याकडे मुळात रेषा दगडाच्या आधी येत असे. शिल्पी आधी आखणी करत, तालमानाने अंगांची विभागणी करत आणि मग छिन्नी चालवत. छिन्नी चालली की आखणी नाहीशी होई, म्हणून ती आज फारशी पाहायला मिळत नाही. भोपाळजवळच्या भोजपूरला मात्र ती वाचली आहे. तिथलं अकराव्या शतकातलं शिवमंदिर अपुरं राहिलं आणि त्याच्या परिसरातल्या खडकांवर खांब, थर, शिखर यांची रेखाटनं कोरलेली तशीच राहिली. काम पूर्णत्वाला गेलं नाही, म्हणून कामाआधीची रेषा उरली. तयार मूर्तीसमोर बसून ती कागदावर उतरवण्याचं कारण त्या परंपरेला नव्हतं. चित्रकाराजवळ ध्यानं होती, प्रमाणं होती, गुरूकडून आलेलं वळण होतं. पुरानी बस्तीच्या परिसरातल्या दूधाधारी मठात मराठेशाहीच्या काळातली म्हणून ओळखली जाणारी भित्तिचित्रं आहेत. तिथले देव असेच चित्रकाराच्या सरावातून आणि भक्तीतून भिंतीवर आलेले आहेत. एखाद्या विशिष्ट दगडी मूर्तीचं वर्णन करणं हा त्यांचा हेतू नाही.

एका विशिष्ट मूर्तीसमोर बसून तिचीच नोंद घेण्याची पद्धत आपल्याकडे परकीयांच्या कुतूहलातून सुरू झाली, आणि ती सुरू झाली जिथे पूजा थांबलेली होती तिथे. मुंबईच्या बंदरासमोरचं घारापुरी बेट हे त्यांतलं पहिलं मोठं ठिकाण. 1712 मध्ये कॅप्टन पाइक या इंग्रज खलाशाने तिथल्या शिल्पांची रेखाटनं केली. ती छापली गेली थेट 1785 मध्ये. 1764 च्या सुमारास कार्स्टन नीबुर हा जर्मन मोजणीदार तिथे पोचला. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेतला तो एक. मोहिमेचा अधिकृत चित्रकार बाउरेनफाइंड मुंबईच्या वाटेवर समुद्रातच वारला होता, म्हणून चित्रांचं काम नीबुरवर आलं. ज्याचा धंदा जमीन आणि तारे मोजण्याचा, त्याने मूर्ती मोजायला घेतल्या. मूर्तीसमोर बसलेला हात आधी माप घेतो आणि मग आकार, हा संस्कार या परंपरेत अगदी सुरुवातीपासून आहे.

पुढचं पाऊल पुण्यात पडलं आणि ते एका मराठी माणसाचं होतं. गंगाराम चिंतामण तांबट. आडनाव नवगिरे असंही नोंदलेलं आहे. पेशवे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी 1790 च्या आसपास गंगाराम चित्रं काढत होता. सवाई माधवरावांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने 1790 मध्ये रेखाटला. मल्लांची चित्रं काढली. आणि कार्ल्याचं चैत्यगृह, वेरूळची लेणी, त्यांतले शिल्पपट कागदावर आणले. पेन्सिल, शाई आणि पातळ रंगाचे थर अशी त्याची सामग्री. 1791 मध्ये जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईत आला, नंतर पुण्यात त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची व्यक्तिचित्रं केली. गंगाराम त्याच्याही कामात सामील झाला.

इथे थोडं थांबायला हवं. गंगारामच्या आधी घारापुरीत बसलेल्या परकीयांना समोरची मूर्ती कुणाची, हेच धड ठाऊक नव्हतं. गंगारामला ते सांगावं लागत नव्हतं. त्रिशूळ कुणाचा, नंदी का बसला आहे, रावण कैलास का हलवतो आहे, हे त्याच्या घरातल्या कथाकीर्तनातलं होतं. त्याच वेळी समोरच्या चौकटीतला खांब किती जाड, छत किती खोल आणि सावली कुठे पडते, हे त्याने नव्या पद्धतीने पाहिलं. ज्याला देव ओळखीचा आहे असा माणूस त्याच देवाला वस्तू म्हणूनही मोजतो आहे. मराठी दृश्यकलेच्या इतिहासात हा क्षण फार मोलाचा आहे. त्याने श्रद्धा सोडली असं मानायचं काहीच कारण नाही. त्याने तिच्या शेजारी पाहण्याची आणखी एक रीत ठेवली. आज संग्रहालयात बसणारा विद्यार्थी याच दुहेरी नजरेचा वारस आहे.

मॅलेटने वेरूळवर लिहिलेलं वर्णन कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात आलं, गंगारामच्या चित्रांच्या आधाराने. 1795 मध्ये वेल्स स्वतः वेरूळला जाऊन आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात वारला. त्याची वेरूळची चित्रं टॉमस डॅनियलने 1803 मध्ये लंडनला चोवीस मोठ्या छापचित्रांत प्रसिद्ध केली. मुखपृष्ठावर वेल्सचं नाव आहे, डॅनियलचं नाव आहे. गंगारामचं नाही. मॅलेटने पुढे वेल्सच्या मुलीशी लग्न केलं आणि बरेचसे कागद त्या घराण्यात राहिले. आज गंगारामची चित्रं अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहेत आणि त्यांवर त्याचं नाव लागलेलं आहे. पुण्यातला तांबट पुन्हा नावानिशी उभा राहायला विसाव्या शतकातले अभ्यासक यावे लागले.

वेल्स गेला त्याच 1795 साली पॅरिसमध्ये पेन्सिलीचं रूप बदललं. तोवर चांगलं ग्रॅफाइट इंग्लंडातल्या बॉरोडेलच्या खाणीतून येत असे आणि युद्धामुळे फ्रान्सला ते मिळेनासं झालं. निकोला-झाक काँते याने ग्रॅफाइटची पूड मातीत कालवून, कांड्या करून भट्टीत भाजायची युक्ती काढली. माती जास्त की शिसं कडक, ग्रॅफाइट जास्त की मऊ आणि काळं. आज दुकानात एचबी, टू-बी, सिक्स-बी मागतो त्यामागे हेच प्रमाण आहे. मूर्तीच्या अभ्यासासाठी हा बदल निर्णायक ठरला. कडक पेन्सिलीने आखणी, मऊ पेन्सिलीने सावली, आणि दोन्हींच्या मधल्या पायऱ्यांत दगडाची गोलाई. एका हलक्या कांडीत करड्या रंगाची सगळी श्रेणी आली आणि अभ्यासचित्र शाळेत शिकवता येण्याजोगं झालं.

ती शाळा मुंबईत निघाली. जमशेटजी जिजीभॉयांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 1857 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे वर्ग सुरू झाले. 1865 मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स शिकवायला आले. अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या वळणाचा होता. आधी छापील नमुन्यावरून सपाट रेषा, मग घन आकार, मग प्लास्टरमधल्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश. यालाच पुढे पिढ्यानपिढ्या ‘अँटिकचा वर्ग’ म्हटलं गेलं. ग्रीक आणि रोमन पुतळ्यांचे पांढरे कास्ट एका बाजूच्या उजेडात ठेवलेले, समोर विद्यार्थ्यांची अर्धवर्तुळ बैठक. प्लास्टरला स्वतःचा रंग नाही, म्हणून डोळ्याला रंगाची भूल पडत नाही. सावली, हाफटोन, परावर्तित उजेड एवढंच दिसतं. 1919 मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी जिवंत मॉडेलवरून रेखाटनाचा वर्ग रुजवला. तोवर माणसाच्या शरीराचा अभ्यास मुख्यतः या पांढऱ्या पुतळ्यांच्या आधाराने होत होता.

या शिक्षणावर पुष्कळ टीका झाली आहे आणि तिच्यात तथ्य आहे. घारापुरी बोटीच्या अंतरावर असताना मुलं अपोलोच्या बरगड्या मोजत बसली. तरी चित्र एवढं एकरंगी नाही. ग्रिफिथ्स 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होता आणि तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती वर्षानुवर्षं करवून घेत होता. त्याच्याच देखरेखीखाली व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दगडी सजावटीचं काम जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी केलं. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या भिंतींवरची पानं, पक्षी, प्राणी आधी कागदावर अभ्यासले गेले आणि मग दगडात उतरले. म्हणजे जुन्या शिल्पींची वाट फिरून आली. रेषा पुन्हा दगडाच्या आधी येऊ लागली.

1890 मध्ये कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर जे. जे.मध्ये दाखल झाले. शिकले, तिथेच शिकवायला लागले आणि पुढे ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मवृत्त लिहून त्यांनी त्या काळाचा मराठी दस्तऐवज मागे ठेवला. त्याच सुमारास गणपतराव म्हात्रे या तरुण विद्यार्थ्याने ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. देवळाच्या वाटेवर निघालेली नऊवारीतली मराठी स्त्री. काष्ट्याच्या, पदराच्या निऱ्या शरीराशी कशा बिलगतात, चालताना भार कोणत्या पायावर येतो, हे तिच्यात इतकं अचूक होतं की म्हात्र्यांचं नाव एकदम दूरवर पोचलं. ती घडली तेही प्लास्टरमध्येच, ज्या पांढऱ्या प्लास्टरमध्ये ग्रीक देवता वर्गात उभ्या होत्या. म्हात्र्यांनी परदेशात शिक्षण घेतलं नव्हतं. पुतळ्यावरून काढलेल्या चित्राने हाताला काय शिकवलं, याचा याहून चांगला दाखला मला दुसरा सापडत नाही. हात उसन्या आकारावर तयार झाला आणि मग आपल्या अंगणातल्या बाईकडे वळला.

जे. जे.मधून आणि तिच्या परीक्षांतून ड्रॉइंगचे मास्तर तयार झाले आणि गावोगावच्या शाळांत गेले. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, मग ड्रॉइंगच्या शिक्षकाची ए.टी.डी. पदविका. वस्तुचित्र, स्मरणचित्र, निसर्गचित्र, संकल्पचित्र. हे शब्द मराठी घरांत सहज बोलले जातात, कारण महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी या ग्रेड परीक्षांना बसताना कॅमलची पेटी घेऊन बाकावर घाम गाळला आहे. वस्तुचित्राचा पेपर म्हणजे अँटिकच्या वर्गाचं धाकटं भावंड. अपोलोच्या जागी तांब्या, ठोकळा, लिंबू. शिस्त मात्र तीच: आधी मध्यरेषा, मग उंचीरुंदीचं प्रमाण, मग लंबवर्तुळ, मग सावली.

या वंशावळीची दुसरी फांदी पुरातत्त्वाकडे गेली, आणि ती छत्तीसगढात उतरते. नागपूरचा रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने छत्तीसगढातल्या प्राचीन अवशेषांवर लिहिलेला लेख 1825 मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये आला. हा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांचाच होता. पुरातत्त्व सर्वेक्षणासाठी 1873-74 मध्ये बेगलर आणि 1881-82 मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम या भागात फिरले. त्यांच्या अहवालांत आराखडे आणि रेखाटनं आहेत. मधल्या काळात, 1875 मध्ये, राजनांदगावच्या महंत घासीदासांच्या देणगीतून रायपूरचं संग्रहालय उभं राहिलं. आताची इमारत 1953 ची, डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उद्घाटन झालेली. जुनी अष्टकोनी इमारत आज कलादालन म्हणून वापरात आहे. जिथे मूर्ती राहत होत्या तिथे आता चित्रं लागतात. 1950 च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने सिरपूरला उत्खनन केलं आणि आनंदप्रभु कुटी विहार मातीतून वर काढला. तिथला बुद्ध भूमिस्पर्श मुद्रेत बसलेला आहे. पेन्सिल घेऊन अशा मूर्तीसमोर बसलं की उजव्या हाताचं वजन कळतं. बोटं नुसती खाली लोंबत नाहीत, ती गुडघ्यावरून निश्चयाने जमिनीकडे जातात, आणि मनगट किंचित जरी बाहेर गेलं तरी कागदावरचा निश्चय नाहीसा होतो.

रायपूरच्या संग्रहालयात मूर्ती नसलेली एक वस्तू आहे, आणि मला ती या सगळ्या वंशावळीत सर्वांत महत्त्वाची वाटते. किरारीचा लाकडी खांब. 1921 च्या उन्हाळ्यात तेव्हाच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या किरारी गावात हिराबांध नावाचं तळं आटलं आणि गाळात एक लाकडी खांब सापडला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला मानला जातो. त्यावर ब्राह्मी लेख होता. शतकानुशतकं पाण्याखाली राहिलेलं लाकूड उन्हात आलं आणि तडकू लागलं, पृष्ठभाग सुटू लागला, अक्षरं गळू लागली. गावातल्या पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय यांना ती लिपी वाचता येत नव्हती. त्यांनी जे दिसलं ते जसंच्या तसं हाताने उतरवून घेतलं. पुरालेखज्ञ हिरानंद शास्त्र्यांनी पुढे हा लेख ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केला तो मुख्यतः या हातप्रतीच्या आधारावर. सेनापती, गणक, भांडागारिक, महानसिक अशी अधिकाऱ्यांची जी नामावली त्यातून मिळते, तिच्यावर प्राचीन राज्यकारभाराचे अभ्यासक आजही विसंबतात. लाकडावर त्यातली थोडीच अक्षरं उरली. बाकीची एका माणसाने वेळेवर कागद घेतला म्हणून आहेत.

उपाध्यायांनी काढली ती अक्षरं होती, मूर्ती नव्हती. पण त्यांच्यासाठी ती अक्षरं म्हणजे निव्वळ आकारच होते. वळण कुठे, फाटा कुठे, किती लांब. अर्थ माहीत नसताना आकाराशी प्रामाणिक राहणं ही अँटिकच्या वर्गाची पहिली शिकवण. ती त्यांनी कुठल्याही वर्गात न बसता पाळली. आणि विशेष म्हणजे त्यांचं नाव शिलालेखांच्या अभ्यासात टिकून राहिलं.

आता फोन प्रत्येकाच्या हातात आहे, मग पेन्सिलीने मूर्ती का काढायची? याचं उत्तर बिलासपूरजवळ ताला गावात आहे. मनियारी नदीकाठच्या देवरानी मंदिराच्या आवारात 1988 मध्ये अडीच मीटरहून उंच आणि पाचेक टन वजनाची एक मूर्ती मिळाली. तिला रुद्रशिव म्हणतात. फोटोत दिसतो एक भव्य, उग्र, काहीसा दाट गोंधळ. तिची रेखा काढायला बसा. नाक काढताना तिथे सरडा-पालीसारखी जीवाकृती निघते. मिशा म्हणजे दोन मासे. हनुवटी खेकड्याची. कानांच्या जागी मोर. छातीवर, पोटावर, मांड्यांवर माणसांचे चेहरे. काढणाऱ्याला दर वेळी ठरवावं लागतं की ही कड माशाची की ओठाची, ही रेषा मोराची पिसं की कानाची पाळी. कॅमेऱ्याला असा निर्णय घ्यावा लागत नाही, तो सगळं एका दमात घेतो. चित्र काढणारा प्रत्येक रेषेला मी हे असं पाहिलं असं सांगतो आणि त्याची जबाबदारी घेतो. चुकला तर चूकही त्याच्या नावावर राहते. म्हणूनच आजही पुरातत्त्व खात्यांत मूर्तींच्या, खापरांच्या, लेखांच्या फोटोंसोबत हाताने केलेली रेखाटनं छापली जातात.

रायपूरला आज अभ्यासचित्रासाठी लागणारं सारं आहे. बस्तीत पूजेतली महामाया आहे, संग्रहालयात उघड्या दगडाचे देव आहेत, मठाच्या भिंतीवर रंगवलेले देव आहेत. खैरागढला 1956 पासून कला आणि संगीताचं विद्यापीठ आहे, जिथे शिल्पकला शिकवली जाते. रायपूरच्याच तात्यापारा वस्तीतल्या मराठी घरांना ड्रॉइंगच्या परीक्षांचा वारसा सांगावा लागत नाही. विद्यार्थी मूर्तींसमोर बसतात, चांगले कागद तयार होतात. त्या कागदांचं पुढे काय होतं, हा खरा प्रश्न आहे. गुण मिळाले की ते घरच्या माळ्यावर जातात. संग्रहालयात कुठल्या मूर्तीची कुणी, कधी रेखाटनं केली याची नोंद उरत नाही. झीज होत जाणाऱ्या वाळूच्या दगडाची वीस वर्षांपूर्वीची बोटं कशी होती, हे सांगू शकेल असा कागद कुणाच्या तरी कपाटात पडून असतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या संग्रहालयात विद्यार्थ्यांना बसून काढू देतात, तिथे त्यांच्या निवडक अभ्यासचित्रांची एक फाइल असावी. प्रत्येक कागदावर मूर्तीचा नोंदणी क्रमांक, तारीख, उजेडाची दिशा आणि काढणाऱ्याचं पूर्ण नाव असावं. ड्रॉइंगच्या शिक्षकांनी छायाप्रकाशाइतकेच गुण या नोंदीलाही द्यावेत. गंगाराम तांबटाचं नाव परत मिळवायला जवळजवळ दोनशे वर्षं लागली. लक्ष्मीप्रसाद उपाध्यायांची प्रत नसती तर किरारीचा खांब मुका राहिला असता. आज मूर्तीसमोर बसणारी मुलं याच दोघांचं काम पुढे नेत आहेत, आणि ते आपलंही काम आहे हे त्यांना पहिल्याच तासाला सांगायला हवं.